२८ मीटरांपर्यंतची वाट

क्यूदो, म्हणजे जपानी धनुर्विद्या, शिकायला जपानमध्ये डोंगरावरचा मठ शोधत जावं लागत नाही. वॉर्ड ऑफिसच्या क्रीडा विभागाला जोडकार्ड पाठवावं लागतं. एका कार्डावर आपलं नाव, पत्ता, वय आणि वर्गाचं नाव. दुसऱ्यावर स्वतःचाच पत्ता. जागा थोड्या आणि अर्ज जास्त, म्हणून सोडत निघते आणि निकाल त्या दुसऱ्या कार्डावर परत येतो. तोक्योच्या पूर्व भागात आम्ही राहतो, तिथल्या वॉर्डाच्या वार्तापत्रात मला ही जाहिरात दिसली. नवशिक्यांसाठी वर्ग, धनुष्यबाण तिथलेच, विमा फीमध्ये धरलेला. संपूर्ण वर्गाची फी चौघांच्या एका वेळच्या हॉटेलच्या जेवणाएवढी.

मी मूळची साताऱ्याची. २०२३ साली बर्लिनमध्ये आमच्या साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या १७व्या वर्षी जगज्जेती झाली, तेव्हा घरच्या सगळ्या ग्रुपवर दिवसभर तिचेच फोटो फिरत होते. तिचं कंपाउंड धनुष्य चाकांचं. नेम धरायला भिंग, दोरी सोडायला हातात यंत्र, ५० मीटरवर लक्ष्य आणि वर्तुळागणिक गुण. जपानी क्यूदोत यातलं काहीही नाही. लक्ष्य २८ मीटरवर, ३६ सेंटिमीटर व्यासाचं, जमिनीलगत, किंचित मागे कललेलं. त्यावर काळी-पांढरी वर्तुळं असतात, पण त्यांना गुण नाहीत. बाण लक्ष्यात बसला किंवा नाही बसला, एवढीच नोंद. मध्यात लागलेला आणि कडेच्या लाकडाला चाटून आत घुसलेला, दोघांची किंमत एकच.

आणि ते धनुष्य! २ मीटर २१ सेंटिमीटर लांब, माझ्या डोक्याच्या कितीतरी वर जाणारं. मूठ मधोमध नसते, खालून सुमारे एक तृतीयांश उंचीवर असते. वरचा भाग लांब, खालचा आखूड. तिसऱ्या शतकातल्या चिनी इतिहासकारांनीही जपानी बेटांवरच्या लोकांची लाकडी धनुष्यं 'खाली आखूड, वर लांब' असल्याचं नोंदवून ठेवलंय. असं का, याचे अनेक तर्क मी ऐकले, पण हातात धरल्यावर मला एवढंच जाणवलं की त्या जागी धरलं तर हे लांबलचक धनुष्य हलकं आणि शांत राहतं. शिकाऊ धनुष्यं फायबरग्लासची असतात, माझं पहिलं ८ किलो ओढीचं होतं. बांबू आणि लाकडाच्या पट्ट्या चिकटवून केलेली खरी धनुष्यं बहुतांशी क्यूशू बेटावरच्या मियाकोनोजो शहरातून येतात. दोजोतल्या, म्हणजे आमच्या सरावाच्या जागेतल्या, जुन्या मंडळींकडे ती आहेत. धनुष्याची दोरी उतरवल्यावर त्याचा बाक न्याहाळत ती बराच वेळ बसतात आणि त्यांच्याकडे पाहत मीही बसते.

वर्गाच्या पहिल्या दिवशी आम्ही धनुष्याला हातही लावला नाही. आत कसं यायचं, समोरच्या भिंतीला कसं वाकायचं, कोणत्या पायाने पुढे व्हायचं, कसं वळायचं. मग 'किझा', म्हणजे वज्रासनात बसायचं, पण पावलं सपाट न टेकवता बोटं दुमडून, टाचा उभ्या ठेवून. आमच्या सेन्सेई, म्हणजे गुरू, पंचाहत्तरीच्या पुढच्या बाई आहेत. त्या या स्थितीत बसून पाच मिनिटं सहज बोलतात आणि मग हात न टेकता उठतात. आमच्या वर्गातला विशीतला एक मुलगा, जिमला जाणारा, पहिल्या मिनिटाला घामेघूम झाला होता.

शिकवणारी ही सगळी मंडळी बिनपगारी. हे मला फार उशिरा कळलं, कारण कुणी सांगतच नाही. आमच्या सेन्सेई निवृत्त शिक्षिका, दुसरे पोस्टातून निवृत्त झालेले, तिसरे अजून नोकरी करणारे, जे शनिवारी पहाटे येऊन मैदानाला पाणी घालतात. दोजोची इमारत वॉर्डाची, वर्ग चालवणारी संघटना वॉर्डातल्या धनुर्धरांची, तिच्यावर प्रांताची संघटना आणि सगळ्यात वर अखिल जपान क्यूदो महासंघ. परीक्षा, श्रेण्या, पाठ्यपुस्तक, पंच हे सारं महासंघाचं. पण दोरी कशी धरायची हे दाखवणारा हात मात्र शेजारच्या गल्लीतल्या माणसाचा असतो. जपानबाहेर क्यूदोबद्दल जे लिहिलं जातं त्यात झेन, म्हणजे बौद्धांचा ध्यानपंथ, पुष्कळ असतो. माझ्या दोजोत तो शब्द मी अजून ऐकलेला नाही. 'खांदा खाली', 'घाई नको' आणि 'चहा झालाय' हे रोज ऐकते. मला वाटतं या विद्येचं मोठेपण याच व्यवस्थेत आहे. तिचं कौतुक फार कमी होतं, म्हणूनच हे लिहायला घेतलं.

एक बाण सोडण्याच्या आठ पायऱ्या आहेत, त्यांना हास्सेत्सु म्हणतात. पहिली अशिबुमी. दोन पायांत ६० अंशांचा कोन, दोन अंगठ्यांमधलं अंतर आपल्या बाणाच्या ओढीइतकं, आणि अंगठ्यांना जोडणारी रेघ सरळ लक्ष्याच्या मध्याकडे. मग दोझुकुरी, धड पायांवर नीट बसवणं. युगामाएत उजवा हात दोरीला आणि डावा मुठीला लागतो आणि मान लक्ष्याकडे वळते. उचिओकोशीत धनुष्य डोक्याच्या वर जातं. हिकिवाकेत ते दोन्ही हातांनी उघडत खाली येतं. मग काई, पूर्ण ओढ. बाण ओठांच्या उंचीवर गालाला टेकलेला असतो. बाहेरून माणूस थांबलेला दिसतो, पण आत छाती दोन्ही बाजूंना उघडतच असते. त्यातून हानारे, सुटणं. आणि शेवटी झानशिन. बाण गेला तरी हात पसरलेले, नजर तिथेच. आठवी पायरी संपल्याशिवाय बाण संपला असं धरत नाहीत, तो लागलेला असो वा नसो.

या आठ पायऱ्या आम्ही आधी रिकाम्या हातांनी केल्या, मग लाकडी मुठीला रबर बांधलेल्या 'गोमुयुमी'वर. मग खरं धनुष्य, पण बाणाशिवाय; ओढायचं आणि तसंच हळू परत आणायचं, कारण रिकामी दोरी सोडली तर धनुष्य मोडू शकतं. मग माकिवारा. हा भाताच्या पेंढ्याचा करकचून आवळलेला गठ्ठा छातीच्या उंचीवर मांडलेला असतो आणि त्याच्यापासून एका धनुष्याच्या अंतरावर उभं राहायचं. इथे नेम चुकायचा प्रश्नच नाही, त्यामुळे लक्ष दुसरीकडे द्यायला मोकळं असतं. सेन्सेई मागे उभ्या राहून माझ्या उजव्या कोपरापाशी नुसतं बोट धरायच्या. 'इथून ओढा,' म्हणायच्या, 'पंजाने नको.' हिवाळा त्या माकिवारासमोर गेला. दोजो एका बाजूने पूर्ण उघडा असतो, पायात फक्त पांढरे ताबी मोजे आणि खाली लाकडी जमीन. जानेवारीत ती बर्फासारखी गार पडते. तरी त्या दिवसांतलं काहीही मला आज कमी करावंसं वाटत नाही. कारण तिथे जे अंगात मुरलं, तेच पुढे २८ मीटरवर उपयोगी पडलं.

हातमोज्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. युगाके हरणाच्या कातड्याचा असतो आणि त्याच्या अंगठ्याच्या आत लाकूड किंवा शिंग बसवलेलं असतं. अंगठ्याच्या मुळाशी एक खाच असते, दोरी त्या खाचेत बसते. म्हणजे दोरी ओढतो अंगठा. बाकीची बोटं त्याच्यावर येऊन त्याला धरून ठेवतात. युरोपी पद्धतीत दोरी तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेने ओढतात, तिथे अंगठ्याला काही काम नसतं. पहिल्यांदा तो मोजा घालून, त्यावर राळेची पूड चोळून दोरी अंगठ्याला लावली आणि मला एकदम एकलव्य आठवला. द्रोणाचार्यांनी अंगठाच का मागितला, हे लहानपणी गोष्ट ऐकताना कधी मनात आलं नव्हतं. जो अंगठ्याने ओढतो त्याचा अंगठा गेला की विद्या गेली. महाभारत सांगतं की नंतर तो बोटांनी बाण मारायचा, पण पूर्वीची चपळाई उरली नाही. मी ही गोष्ट सेन्सेईंना मोडक्यातोडक्या जपानीत सांगितली. त्या बराच वेळ आपल्या युगाकेकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, 'त्या मुलाचं पुढे काय झालं?' सगळं सांगून होईपर्यंत चहा गार झाला.

आईने फोनवर विचारलं होतं, 'मग अर्जुनासारखा नुसता डोळाच दिसतो का गं?' तसं होत नाही. दोन्ही डोळे उघडे असतात, धनुष्यावर नेमाची कुठलीही खूण नसते. पूर्ण ओढीत डाव्या हातातलं धनुष्य डोळ्यासमोर धूसर दिसतं आणि त्याच्या कडेने लक्ष्य अर्धं झाकलेलं, अर्ध्या चंद्रासारखं. तेवढं दिसलं की नेम धरून झाला. बाकी सगळं पाय, पाठ आणि खांदे ठरवतात.

२८ मीटरवर उभं राहायची परवानगी मिळाली तेव्हा चेरीचा बहर गळून पडला होता. माझे पहिले बाण लक्ष्याच्या अलीकडे, गवतातच उतरले. तेव्हा कुणी हसलं नाही, कुणी धीरही दिला नाही. 'ओढ कमी पडतेय,' एवढंच. काही आठवड्यांनी एक बाण बसला. कागदाचं लक्ष्य लाकडी गोल चौकटीवर ताणलेलं असतं, त्यामुळे बाण आत शिरला की ढोलकीवर थाप पडल्यासारखा मोकळा आवाज येतो. त्या आवाजाचा मोह काय असतो ते तेव्हा कळलं, आणि दोजोतली मंडळी त्याच्यापासून इतकी सावध का असतात तेही. लागावा म्हणून हात आपोआप घाई करतो, काई अर्धवट राहते, दोरी वेळेआधी सुटते. या खोडीला इथे आजारासारखं नाव आहे, हायाके. मोठमोठ्या खेळाडूंना ती वर्षानुवर्षं छळते.

दोजोत बाण मारण्याइतकंच इतर कामही असतं. लक्ष्यं ज्या वाळूच्या उतारात रोवलेली असतात त्याला आझुची म्हणतात. वाळूत लाकडाचा भुसा कालवलेला असतो, म्हणजे बाण न मोडता घुसतात. ती ओली ठेवायची, फावड्याने थापून उतार परत नीट करायचा. फाटलेल्या लक्ष्यावर नवा कागद खळीने चिकटवायचा. सगळ्यांचे बाण मारून झाले की लाल दिवा लागतो, टाळ्या वाजवून आणि मोठ्याने सांगून मगच लक्ष्याच्या बाजूचे लोक मैदानात उतरतात. काढलेल्या बाणांची माती फडक्याने पुसून ते आणून ठेवायचे. हे काम नवशिक्यांचं म्हणून राखून ठेवलेलं नाही, आमच्या सेन्सेईही बाण आणायला जातात. पहिल्याच आठवड्यात मी कुणाचेतरी बांबूचे बाण पुसत होते. त्यांची पिसं बघून विचारलं तेव्हा कळलं की बाण जोडीने येतात. एकाची पिसं एका बाजूला वळलेली, दुसऱ्याची उलट. पहिला बाण हाया, दुसरा ओतोया. दोघे हवेत विरुद्ध दिशांना फिरत जातात.

आजची ही रचना फार जुनी नाही. बंदुका आल्यावर धनुष्याचं युद्धातलं महत्त्व ओसरलं, पण घराण्यांची शिकवण चालू राहिली: ओगासावारा घराण्याची रीतिभातीची, हेकी घराण्याची रणांगणावरची. होंदा तोशिझाने (१८३६–१९१७) यांनी तोक्यो इंपीरियल विद्यापीठात शिकवताना धनुष्य शरीरासमोर सरळ वर उचलण्याची पद्धत रुजवली. आज बहुतेक दोजोंत तीच शिकवतात. हेकी परंपरेतले लोक अजून डावीकडे तिरकं धरून उचलतात आणि परीक्षेत दोन्ही चालतं. १८९५ साली क्योतोत दाई निप्पोन बुतोकुकाई ही सर्व युद्धकलांची संघटना स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर ती बरखास्त झाली, शाळांतून युद्धकलांवर बंदी आली. १९४९ साली आजचा महासंघ उभा राहिला आणि १९५३ मध्ये त्याने 'क्यूदो क्योहोन' या पाठ्यपुस्तकाचा पहिला खंड काढला. माझ्या मते हे पुस्तकच या कलेचा कणा आहे. होक्काइदोत शिका किंवा ओकिनावात, पाऊल तेच आणि वळणं तेच. २००६ पासून आंतरराष्ट्रीय महासंघही आहे. त्याची जागतिक स्पर्धा २०१० मध्ये तोक्योत, २०१४ मध्ये पॅरिसला आणि २०१८ मध्ये पुन्हा तोक्योत झाली.

महासंघाच्या श्रेण्या क्यू या प्राथमिक पायऱ्यांपासून सुरू होतात, मग दान या वरच्या श्रेण्या, पहिल्यापासून दहाव्यापर्यंत. शिवाय रेन्शी, क्योशी, हान्शी या शिक्षकपदव्या वेगळ्या. खालच्या परीक्षा प्रांताची संघटना घेते, सहाव्या दानपासून पुढच्या केंद्राकडे जातात. मी शोदानला, म्हणजे पहिल्या दानला बसले. परीक्षेत सोडायचे बाण फक्त दोन. महिनोन्महिने तालीम होते ती त्या दोन बाणांच्या आधीची आणि नंतरची.

पाच जणांची रांग एकामागून एक आत जाते. वाकायचं, मागच्या रेषेवर किझात बसायचं, एकदम उठायचं, पुढच्या रेषेवर जायचं, पुन्हा बसायचं, धनुष्य समोर उभं करून बाण लावायचा. पुढच्या माणसाच्या दोरीचा आवाज झाला की आपण धनुष्य वर उचलायचं. त्यामुळे पाचांचा श्वास एकाच सुरात लागावा लागतो, आणि ती चार माणसं त्या सकाळपर्यंत अनोळखी असतात. माझ्यापुढे शाळेची मुलगी होती, मागे माझ्या वडिलांच्या वयाचे गृहस्थ. समोर परीक्षक ओळीने बसलेले, चेहऱ्यावर काहीही नाही. पहिला बाण लक्ष्याच्या कडेला लागून वाळूत गेला, दुसरा बसला. शोदानला बाण लागलाच पाहिजे असं नाही, पण ते सैरावैरा जाता कामा नयेत आणि आठही पायऱ्या जागच्या जागी दिसल्या पाहिजेत. वरच्या श्रेण्यांना मात्र लागल्याशिवाय पुढे सरकत नाही.

लेखी परीक्षाही असते. प्रश्न आधीच जाहीर होतात. मला आठ पायऱ्या क्रमाने लिहून अशिबुमी समजावायची होती, आणि क्यूदो का सुरू केलं ते लिहायचं होतं. कांजी, म्हणजे जपानीतली चित्राक्षरं, गिरवताना मला मुलाच्या शाळेच्या वह्या उपयोगी पडल्या. दुपारी भिंतीवर आकड्यांचा कागद लागला, त्यात माझा आकडा होता. पुढच्या शाळकरी मुलीचाही होता. तिने ओळख नसताना माझे दोन्ही हात धरले.

दोजोतला एक वाद मात्र मला अजून सुटलेला नाही, आणि सुटू नये असंच वाटतं. काही ज्येष्ठ म्हणतात की सगळं बरोबर असेल तर बाण लागणारच, म्हणून लागण्याकडे बघूच नका. काही तितक्याच ठामपणे म्हणतात की लागत नसेल तर काहीतरी बरोबर नाही, आणि तो आवाज हाच खरा परीक्षक. शाळा-कॉलेजांतल्या क्लबांचा कल या दुसऱ्या मताकडे आहे. महासंघाच्या लाखाहून जास्त सभासदांत सर्वांत मोठा वाटा विद्यार्थ्यांचाच. त्यांच्या स्पर्धांत प्रत्येकी चार बाण असतात, बाण बसला की मागून मुलं एकसुरात 'योश्शा!' ओरडतात आणि चारही बसले की टाळ्या. मला ते पाहायला मनापासून आवडतं. माझं स्वतःचं मत थोडं ज्येष्ठांच्या पहिल्या गटाकडे झुकतं, कारण मी ही विद्या चाळिशीनंतर घेतली आणि माझ्या शरीराला क्रम लागतो. पण सोळा वर्षांच्या मुलांना 'लागण्याचा विचार करू नका' सांगणं मला अन्यायाचं वाटतं.

क्योतोचं सान्जुसान्गेन्दो पाहिलं तेव्हा हे मत आणखी पक्कं झालं. सुमारे १२० मीटर लांबीचं ते लाकडी मंदिर. त्याच्या बाहेरच्या ओसरीवर बसून, छपराला न लागू देता बाण दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचे अशी चुरस एके काळी चालायची. १६८६ साली वासा दाइहाचिरो याने एका दिवस-रात्रीत १३,०५३ बाण सोडले आणि त्यातले ८,१३३ टोकाला पोचवले. जानेवारीत तिथे आज विशीत पाऊल ठेवणारी मुलं-मुली रंगीत किमोनो आणि हाकामा (कमरेखालचा घेरदार जपानी पोशाख) घालून ६० मीटरवरच्या मोठ्या लक्ष्यावर बाण मारतात. बघणाऱ्यांची गर्दी इतकी की पाय ठेवायला जागा मिळत नाही. मोजणं आणि चुरस या विद्येत बाहेरून आलेली नाहीत.

शोदान झाल्यावर आमच्या दोजोत एकटीने येऊन सराव करायची मुभा मिळते आणि पुढच्या वर्गात मदतनीस म्हणून नाव लागतं. यंदा गोमुयुमीची रबरं बदलायचं काम माझ्याकडे आहे, शिवाय परदेशी अर्जदारांना फोन करून वेळ कळवायचं. मराठी मंडळींपैकी कुणाला यायचं असेल तर आपापल्या वॉर्डाच्या किंवा शहराच्या वार्तापत्रात वसंताच्या सुमाराला नवशिक्यांच्या वर्गाची जाहिरात बघा. जपानी जेमतेम येत असेल तरी चालतं, कारण निम्मं शिक्षण हाताला धरून होतं. डावरे असलात तरी धनुष्य डाव्या हातातच धरावं लागेल, हे आधीच माहीत असू द्या. गुडघ्याचं दुखणं असेल तर अर्जातच लिहा, उभ्याने करायच्या रीतीही पाठ्यपुस्तकात आहेत. आणि दुसऱ्या कार्डावर स्वतःचा पत्ता लिहायला विसरू नका, नाहीतर सोडतीत नाव निघूनही कळणार नाही.